दुसरा रिमोट

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ चार दिवस राहायला आला होता. रात्री सगळं आवरल्यावर आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो, जुना प्लेस्टेशन 4 सुरू केला आणि पडद्याचे दोन भाग करून गाड्या पळवायला लागलो. तिसरी शर्यत रंगात आली होती, त्याची गाडी माझ्या जरा पुढेच होती, आणि तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. पडद्यावरची नजर न हलवता, दोन्ही अंगठे होते तिथेच ठेवून तो म्हणाला, "ताई, थांबव ना." मी थांबवलं. तो फोन कानाला लावून गॅलरीत गेला आणि मी वळणावर गोठलेल्या त्या दोन गाड्यांकडे बघत बसले. मग त्याच्या जागेवर पडलेल्या कंट्रोलरकडे लक्ष गेलं. माझ्या हातात होता अगदी तसाच होता तो. टचपॅडच्या उजव्या कडेचं ते बारीक, उभं बटण त्याच्याकडेही होतं. ते त्यालाही दाबता आलं असतं. चाळिशी ओलांडलेला, स्वतःचं घर चालवणारा माणूस, आणि खेळ थांबवायला त्याने मला सांगितलं.

तो परत आला, आम्ही शर्यत संपवली, तो जिंकला. मला मात्र रात्री झोप लागेना.

आमच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम आठ बिटांचा, वरून कॅसेट खोचायचा. निन्टेन्डोने 1983 साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आमच्यासाठी तो नुसता 'गेम' होता आणि त्याला जोडलेले ते दोन कंट्रोलर म्हणजे 'रिमोट'. पहिला रिमोट माझा, दुसरा त्याचा. हे कधी कुणी ठरवलं नाही, मी मोठी होते एवढंच. पहिल्या रिमोटच्या मधोमध दोन चपटी, रबरी बटणं होती, सिलेक्ट आणि स्टार्ट. खेळ मध्येच थांबवायचा तो स्टार्टने. दुसऱ्यावर ती नव्हतीच. मूळ फॅमिकॉममध्येही तसंच होतं. दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट-सिलेक्टच्या ऐवजी छोटा मायक्रोफोन आणि त्याचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी दिलेली होती. आमच्या नकलेत मायक्रोफोनही नव्हता, नुसती त्याची जाळी होती. भाऊ त्या जाळीला तोंड लावून गाडीचे, गोळ्यांचे आवाज काढायचा आणि ते पडद्यातल्या माणसाला ऐकू जातात असं त्याला मनापासून वाटायचं.

त्यामुळे थांबवायचं असेल तर त्याला मला सांगावं लागे. डास चावला, "ताई, थांबव ना." पाणी प्यायचंय, "ताई, थांबव ना." आणि मी प्रत्येक वेळी थांबवत नसे. "एवढं संपू दे," म्हणायचे. तो एका हाताने पाय खाजवत दुसऱ्या हाताने कसाबसा खेळत राहायचा आणि त्याचा माणूस खड्ड्यात पडायचा. मग तो रिमोट खाली ठेवून माझा खेळ बघत बसायचा. रडायचा नाही. बघत बसायचा. निन्टेन्डोने हेच यंत्र नव्या रूपात 1985 साली अमेरिकेत नेलं तेव्हा दोन्ही कंट्रोलर सारखे केले, मायक्रोफोन काढून टाकला आणि दोघांनाही स्टार्ट दिलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा यंत्रांच्या इतिहासातली एक गंमत म्हणून वाचलं होतं. त्या रात्री ते आठवलं आणि पोटात कसंतरी झालं.

पुढे पहिलं प्लेस्टेशन आलं तेव्हा त्याच्याही हातात स्टार्ट आलं, पण तोवर सवय मुरली होती. शिवाय तेव्हाही दुसरा तो दुसराच राहिला. यंत्राबरोबर मिळालेला कंट्रोलर 1997 साली आलेल्या डुआलशॉक जातीचा होता, अंगठ्याने कलवायच्या दोन स्टिक असलेला आणि धक्का बसला की हातात घुमणारा. दुसरा आम्ही वापरलेला घेतला. तो आधीच्या पिढीचा, बिनस्टिकचा, न घुमणारा. कुठला कुणाकडे गेला हे सांगायला नकोच. पडद्यावर स्फोट झाला की भाऊ आपला डावा हात सोडून पटकन माझ्या कंट्रोलरवर ठेवायचा, तळवा पसरून, ती थरथर विरायच्या आत. त्याचा तो गरम, घामेजलेला हात माझ्या बोटांवर पडायचा. मी ओरडायचे, "हात काढ, माझं बटण चुकतंय!"

मेमरी कार्डाचीही आठवण आहे आणि ती सांगताना मला अजून जड जातं. पहिल्या प्लेस्टेशनचं कार्ड 128 किलोबाइटचं, त्यात 15 खण. काही खेळ एका खणात मावायचे, काहींना तीन-चार लागायचे. आमच्या दोघांत एकच कार्ड होतं. एका संध्याकाळी माझा मोठा खेळ सेव्ह करायला जागा उरली नव्हती. मी यादी उघडली. प्रत्येक खणात एक इवलंसं हलतं चित्र. त्यातलं एक त्याच्या खेळाचं, तीन आठवडे तो ज्याच्या मागे होता त्याचं. मी ते पुसलं. त्याने विचारलं तेव्हा म्हणाले, कार्ड बिघडलं असेल. त्याने विश्वास ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात केली. आज साध्या एका छायाचित्रालाही त्या अख्ख्या कार्डाच्या कितीतरी पट जागा लागते. एका खणासाठी मी खोटं बोलले होते.

तर हे सगळं डोक्यात घोळत असतानाच घरात प्लेस्टेशन 5 आला. खोक्यात एकच कंट्रोलर असतो. बाकीचं काय काय घ्यायचं याची यादी करायला मी कागद घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले. दुसरा कंट्रोलर. माझ्या मनात आपसूक आलेला विचार प्रामाणिकपणे लिहिते: नवा कशाला, प्लेस्टेशन 4 चा जुना कंट्रोलर, डुआलशॉक 4, आहे की घरात, भाऊ आला की त्याला तो देऊ. म्हणजे एवढं सगळं आठवूनही माझा हात पुन्हा त्याच बाजूला वळला. पण यंत्रानेच मला अडवलं. प्लेस्टेशन 5 वर डुआलशॉक 4 जोडता येतो, पण त्याने प्लेस्टेशन 4 चेच खेळ खेळता येतात. 5 साठी बनलेल्या खेळाला त्याच्याबरोबर येणारा डुआलसेन्स कंट्रोलरच लागतो, नाहीतर त्या यंत्रासाठी परवाना घेऊन बनवलेला दुसरा कंट्रोलर. जुन्यावर भागवायची सोय नाही, याचं एरवी मला वाईट वाटलं असतं. या वेळी सुटल्यासारखं वाटलं.

स्वस्तातला दुसरा कंट्रोलर घेऊन मी आधी एकदा हात पोळून घेतले आहेत. कुठल्या कंपनीचा ते सोडून देऊ. पाहुण्यांसाठी म्हणून घेतला होता. सहा महिन्यांत त्याची डावी स्टिक आपोआप सरकायला लागली. कुणी हात लावलेला नसताना पडद्यावरचा माणूस हळूहळू डावीकडे चालत जायचा आणि भिंतीला टेकून चालतच राहायचा. स्टिक ड्रिफ्ट म्हणतात ते हे. बहुतेक स्टिकच्या आत कार्बनचा पातळ थर असतो आणि त्यावर घासत फिरणारी धातूची पाती असते. पाती कुठे टेकली आहे त्यावरून यंत्राला कळतं की अंगठा कुठे कलला. घासून घासून थर झिजतो, त्यात भुकटी साचते आणि स्टिक सरळ उभी असतानाही यंत्राला ती कललेली वाटते. हॉल इफेक्ट प्रकारच्या स्टिकमध्ये हे घासणं नसतं. चुंबक फिरतो आणि त्याची जागा संवेदक लांबूनच ओळखतो. ही युक्ती काही नवी नाही, सेगाने 1998 च्या ड्रीमकास्ट या गेम यंत्राच्या कंट्रोलरमध्ये ती वापरली होती. आता कंट्रोलर घेणाऱ्याला मी आवर्जून सांगते, बाहेरचे दिवे आणि रंग बघू नका, स्टिक कुठल्या प्रकारची आहे ते विचारा. त्या सरकणाऱ्या कंट्रोलरवर माझी एक मैत्रीण अर्धा तास खेळली होती आणि शेवटी "मला हे जमतच नाही बाई," म्हणून उठली होती. तिला जमत होतं. मी तिला वाईट वस्तू दिली होती आणि दोष तिने स्वतःच्या हातांना दिला.

म्हणून या वेळी दुसरा कंट्रोलर पहिल्यासारखाच घ्यायचा हे ठरलं. रंगही तोच. दुकानदाराने दुसरा रंग सुचवला, "म्हणजे ओळखता येतील." मी नको म्हटलं. मला ते ओळखता यायलाच नको होते.

डुआलसेन्सचं वजन सुमारे 280 ग्रॅम, म्हणजे जुन्या डुआलशॉक 4 पेक्षा सत्तरेक ग्रॅम जास्त. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो, पण दोन तास मांडीवर हात न टेकता खेळलं की मनगटाला कळतो. खोक्यातून काढून मी तो दोन्ही तळव्यांत धरला. पाठीला बारीक खडबडीतपणा आहे, आणि नीट जवळून, उजेडाखाली बघितलं तर ते दाणे नसून कंट्रोलरवरचीच चार चिन्हं आहेत, त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन, हजारोंनी, सुईच्या टोकाएवढी. आतली थरथरही आता एकसुरी राहिलेली नाही. खडीवरून गाडी गेली की वेगळी, पाऊस पडला की वेगळी, आणि बोटांखालचा ट्रिगर खेळाप्रमाणे कडक होतो, मध्येच अडतो. मी दोन्ही कंट्रोलर शेजारी शेजारी ठेवले आणि आळीपाळीने एकेकावर तळवा पसरून बघितला.

चार्जिंगचा स्टँड घ्यावा की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. खरं तर गरज नाही. साधी यूएसबी-सी वायर यंत्राला लावली की काम भागतं, रिकामा कंट्रोलर तीनेक तासांत भरतो. पण वायर असली की काय होतं ते मला माहीत आहे. जो रोज हातात असतो तो चार्ज होतो आणि दुसरा सोफ्याच्या फटीत मरून पडलेला असतो. कुणी आलं की त्याला वायरीने बांधून खेळायला बसवायचं, पडद्याच्या जवळ, मान वर करून. स्टँडला दोन खाचा असतात. कंपनीच्या स्टँडमध्ये कंट्रोलरच्या बुडाशी असलेल्या धातूच्या टोकांवर तो नुसता बसवायचा असतो, यूएसबीच्या भोकाला हात लावावा लागत नाही, त्यामुळे ते भोक सैल पडत नाही. मी स्टँड घेतला. आता रोज रात्री दोन्ही दिवे शेजारी शेजारी मंद उजळतात आणि विझतात, आणि ते बघायला मला आवडतं.

हेडसेटच्या बाबतीत माझं मन अजून एका बाजूला होत नाही. घरात लोक झोपल्यावर खेळायचं तर तो हवाच. आपले नेहमीचे ब्लूटूथ हेडफोन प्लेस्टेशन 5 ला थेट जोडता येत नाहीत, आणि आले असते तरी साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा तरी मागे पडतो. सेकंदाला 60 चित्रं असतील तर तेवढ्यात सहा चित्रं पुढे निघून गेलेली असतात, पाऊल आधी दिसतं आणि मागून ऐकू येतं. म्हणून यूएसबीचा छोटा तुकडा लावून चालणारा, नाहीतर सरळ कंट्रोलरच्या खालच्या भोकात वायर खोचायचा, असे दोनच मार्ग उरतात. मी वायरचा घेतला. आवाज इतका सुंदर आहे की जंगलात मागच्या बाजूला पान पडलेलंही कळतं. पण तो कानावर चढवला की खोलीतलं काही ऐकू येत नाही. शेजारी बसून कुणी "थांबव ना" म्हटलं तर तेही नाही. एकटी असेन तेव्हाच वापरायचा, असं मी स्वतःशी ठरवलंय.

वायरींवर फार लिहायला नको. टीव्हीला जोडायची एचडीएमआयची चांगली वायर खोक्यातच येते. लांब हवी असेल तर 'अल्ट्रा हाय स्पीड' अशी खूण आणि तपासता येणारा कोड असलेली घ्यावी, सेकंदाला 48 गिगाबिट वाहून नेणारी, आणि गरजेपेक्षा एक हातही जास्त लांब घेऊ नये. खेळ साठवायला आत एम.2 जातीची एसएसडी, म्हणजे साठवणीची छोटी वेगवान पट्टी, बसवता येते. तिचा वाचायचा वेग सेकंदाला 5,500 मेगाबाइटच्या वर असावा असं सोनी सांगते आणि उष्णता खेचणारी धातूची पट्टी लागतेच. ती बसवताना एक बारीक स्क्रू माझ्या हातून पडला आणि मी गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात तो शोधला. सापडल्यावर पडद्यावर मोकळी जागा दिसली, पंधरा खणांच्या हिशेबात मोजता येणार नाही एवढी. मी तिथे सगळ्यात आधी भावाच्या नावाचं वेगळं खातं उघडलं. त्याचे सेव्ह त्याच्याखाली जातील, त्यांना माझा हात लागणार नाही.

आणि आई. आई कायम मागच्या खुर्चीत बसून बघत आली आहे, त्या आठ बिटांच्या दिवसांपासून. आता तिची बोटं सांध्यांत सुजतात, डुआलसेन्सची मागची बटणं तिला दाबवत नाहीत. वस्तू शोधता शोधता मला कळलं की मायक्रोसॉफ्टने 2018 साली अशा हातांसाठी एक्सबॉक्स अॅडाप्टिव्ह कंट्रोलर काढला, दोन मोठी गोल बटणं आणि मागे बाहेरची बटणं जोडायला 19 भोकं. त्याचं खोकंसुद्धा नुसत्या फासात हात अडकवून उघडतं. सोनीचा अॅक्सेस कंट्रोलर 2023 च्या शेवटी आला. तो ताटलीसारखा गोल, टेबलावर सपाट ठेवायचा, त्याच्या बटणांच्या टोप्या आपल्या हाताला जमतील तशा बदलता येतात. त्याच वर्षी प्लेस्टेशन 5 मध्ये आणखी एक सोय आली, दोन कंट्रोलर मिळून एकाच खेळाडूला चालवायची. मी ती करून बघितली. माझा एक कंट्रोलर, एक आईच्या मांडीवर. तिने फक्त डावी स्टिक अंगठ्याने ढकलायची, बाकी सगळं मी. गाडी पहिल्यांदा कुंपणात गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वळण बरोबर घेतलं गेलं आणि आई "अगं, गेली!" म्हणून खुर्चीत पुढे सरकली. नंतर मी अॅक्सेस घेऊया का म्हटलं तर म्हणाली, "कशाला खर्च? मला नुसतं बघायलाच बरं वाटतं." हे वाक्य मी तीस वर्षं खरं मानत आले. आता मानवत नाही. यादीत ती ओळ अजून खोडलेली नाही.

लांब वायर कुठे आहे ते शोधताना कपाटाच्या वरच्या खणातून तो जुना डबा निघाला. यंत्र केव्हाच गेलेलं, पण दोन्ही रिमोट होते, वायरी एकमेकींत गुंतलेल्या. मी दुसरा सोडवून हातात घेतला. पांढरं प्लास्टिक पिवळट पडलं होतं. डाव्या बाजूच्या चार दिशांच्या फुलीची धार अंगठ्याला लागली, आणि दुसरा अंगठा, तीस वर्षांच्या सवयीने, मधोमध गेला. तिथे काही नव्हतं. सपाट, गुळगुळीत, किंचित थंड. जाळीच्या खाली दातांच्या बारीक खुणा होत्या. एवढी वर्षं शेजारी बसून खेळले, पण तो रिमोट मी हातात धरल्याचं मला आठवेना.

मी भावाला फोन केला. "तुझ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं, तुला आठवतं?"

तो जरा थांबला. "नव्हतं? अगं, मला वाटायचं थांबवणं हे ताईचं काम."

मेमरी कार्डाचंही सांगून टाकलं. तो म्हणाला, "ते मला तेव्हाच माहीत होतं." पुढे काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

परवा तो पुन्हा आला. मी दोन्ही कंट्रोलर स्टँडसकट त्याच्यापुढे ठेवले. "माझा कुठला?" म्हणाला. "घे कुठलाही." त्याने दोन्ही उचलून बघितले, काही फरक सापडतो का ते पाहिलं, आणि जवळचा घेतला. पहिल्यांदा खडीचा रस्ता आला तेव्हा त्याने हातांकडे खाली बघितलं. आई मागे होती. चौथ्या शर्यतीत फोन वाजला आणि तो म्हणाला, "ताई, थांबव ना." मी म्हटलं, "तू थांबव. उजवीकडे वर, तीन रेषांचं." त्याचा अंगठा चाचपडला, सापडलं, पडदा थांबला. तो उठून गॅलरीत गेला.

फोन लांबला. मी आपलं बटण दाबून बघितलं. काही झालं नाही. पडद्यावर 'प्लेअर 2' असं लिहून आलं होतं, ज्याने थांबवलं त्यानेच सुरू करायचं अशातला तो खेळ होता. आईने विचारलं, "काय झालं गं, अडकलं का?"

"नाही," मी म्हटलं, "तो येईल आता." आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून गॅलरीतून येणारा त्याचा आवाज ऐकत बसले.